बोटीचे इंजिन दुरुस्तीनंतरही पुन्हा पुन्हा तापत असेल तर : आधी पाणी मोजा, मग सुटे भाग बदला

पावसाळी मासेमारी बंदी ३१ जुलैला संपते, ऑगस्टमध्ये बोटी पुन्हा समुद्रात जाऊ लागतात, आणि पुढच्या पंधरा-वीस दिवसांत रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर एक तक्रार हमखास ऐकू येते : इंजिन तापते. इंपेलर (पाणी ओढणाऱ्या पंपातले रबरी पात्यांचे चाक) नवा घातलेला असतो, थर्मोस्टॅट (पाणी तापले की त्याची वाट उघडणारी झडप) काढून टाकलेला असतो, कूलंटही बदललेले असते, आणि तरीही बंदराचे तोंड ओलांडून अर्धा-पाऊण तास झाला की काटा ९५ अंशांच्या पुढे सरकतो. तांडेल (बोट चालवणारा प्रमुख) रेस कमी करतो, तेव्हा काटा खाली येतो. रेस वाढवली की तो पुन्हा वर चढतो. तळाच्या जाळीवर प्लास्टिकची पिशवी बसल्यामुळे एखाद्या दिवशी इंजिन तापले, तर पिशवी निघाली की प्रश्न मिटतो, त्यासाठी लेख लिहिण्याची गरज नाही. दुरुस्ती करूनही जो दोष परत परत उद्भवतो, त्याच्याविषयी येथे लिहीत आहे.

अशा दोषाच्या बाबतीत माझा आग्रह एकाच गोष्टीचा असतो. कोणताही सुटा भाग विकत आणण्यापूर्वी खाऱ्या पाण्याचा प्रवाह बादलीने मोजावा, आणि ते पाणी इंजिनात शिरतानाचे व इंजिनातून बाहेर पडतानाचे तापमान लिहून काढावे. हे तीन आकडे हातात असले की दोष कोणत्या बाजूला आहे ते बहुतेक वेळा इंजिन न उघडता सांगता येते. ते नसले की अंदाजाने भाग बदलणे सुरू होते, आणि त्यात पैशांबरोबर हंगामाचे चांगले दिवस जातात.

पुढचे सगळे विवेचन साधारण १०० अश्वशक्तीच्या, बोटीच्या आत बसवलेल्या डिझेल इंजिनाला धरून आहे. त्यात पाण्याचे दोन वेगळे फेरे असतात. गोडे पाणी (म्हणजे कूलंट) इंजिनाच्या ब्लॉकमधून आणि हेडमधून फिरते आणि उष्णता उचलते. खारे पाणी तळाच्या कॉकमधून गाळणीत, तेथून रबरी इंपेलरच्या पंपात आणि पुढे हीट एक्स्चेंजरच्या बारीक नळ्यांतून जाऊन बोटीच्या कडेने बाहेर पडते. दोन्ही पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, फक्त नळ्यांच्या पातळ भिंतीतून उष्णता एकाकडून दुसऱ्याकडे जाते. इंजिन तापते याचा अर्थ या साखळीत कोठेतरी उष्णता अडते आहे, किंवा साखळीला झेपेल त्यापेक्षा अधिक उष्णता इंजिनातच निर्माण होते आहे.

समुद्रात काटा चढला तर

शोध घेण्याआधी माणसे आणि इंजिन दोन्ही सुखरूप राहिली पाहिजेत. काटा चढताना दिसताच रेस उतरवावी, गिअर काढावा आणि कडेने पाणी पडते आहे का ते पाहावे. पाणी पडत असेल तर इंजिन काही मिनिटे संथ चालू ठेवावे, कारण एकदम बंद केल्यास हेडमध्ये साचलेली उष्णता वाहून नेणारे पाणीच थांबते. पाणी अजिबात पडत नसेल तर मात्र इंजिन लगेच बंद करावे. वारा किनाऱ्याकडे ओढत असेल किंवा जवळ खडक असतील, तर इंजिनाकडे पाहण्यापूर्वी नांगर टाकावा. परिस्थिती हाताबाहेर जाते आहे असे वाटले तर व्हीएचएफ रेडिओच्या १६ क्रमांकाच्या चॅनेलवर किंवा तटरक्षक दलाच्या १५५४ या क्रमांकावर कळवण्यात संकोच करू नये.

दोन गोष्टी मात्र कोणत्याही घाईत करू नयेत. गरम इंजिनाच्या गोड्या पाण्याच्या टाकीची कॅप उघडू नये : ०.९ बार दाबाच्या कॅपखाली साधे पाणीसुद्धा सुमारे ११८ अंशांपर्यंत उकळत नाही, आणि कॅप सैल होताच त्या पाण्याची क्षणात वाफ होऊन ते चेहऱ्यावर आणि छातीवर उडते. आणि तापलेल्या ब्लॉकवर किंवा हेडवर समुद्राचे पाणी ओतू नये. लोखंडी ओतकाम अशा धक्क्याने तडकते, आणि मग तापण्याची तक्रार किरकोळ वाटावी इतका मोठा खर्च समोर उभा राहतो.

काटा खरे बोलतो आहे का

जेटीवर परत आल्यावर पहिले काम म्हणजे काट्याची परीक्षा. इन्फ्रारेड तापमापक आता सहज मिळतो. थर्मोस्टॅटच्या घराजवळ काळा रंग दिलेल्या जागी त्याने तापमान घ्यावे, कारण चकचकीत धातूवर तो फसवा आकडा दाखवतो. काट्याच्या मीटरची अर्थिंग गंजली असेल तर काटा बरेच अंश चुकू शकतो, आणि निरोगी इंजिन आजारी ठरते. याच्या उलट प्रकार अधिक घातक आहे. गोडे पाणी संपून सेन्सर कोरडा पडला की काटा वर जाण्याऐवजी खाली येतो, आणि तांडेलाला वाटते की इंजिन थंड झाले. म्हणून चढलेला काटा काहीही न करता एकाएकी उतरला, तर ती सुटकेची नव्हे, इंजिन थांबवण्याची खूण समजावी.

बादली आणि दोन तापमाने

इंपेलरचा पंप इंजिनावरच फिरतो, त्यामुळे खाऱ्या पाण्याचा प्रवाह गिअरवर अवलंबून नसून इंजिनाच्या दर मिनिटाच्या फेऱ्यांवर (आरपीएमवर) अवलंबून असतो. बोट जेटीला बांधून, गिअर न टाकता, ज्या फेऱ्यांवर इंजिन समुद्रात तापते त्याच फेऱ्यांवर ते चालवावे, आणि कडेने पडणारे पाणी २० लिटरच्या बादलीत धरून घड्याळ लावावे. बादली १५ सेकंदांत भरली तर प्रवाह मिनिटाला ८० लिटर झाला. हे मोजमाप संथ इंजिनावर करून समाधान मानू नये. बहुतेक फसगत तेथेच होते, कारण संथ इंजिनाला लागणारे पाणी बिघडलेला पंपही पुरवतो.

तापमाने मात्र समुद्रात, इंजिनावर ओढ असताना घ्यावीत : एक गाळणीपाशी आणि दुसरे बाहेर पडणाऱ्या पाण्याचे. आपल्या किनाऱ्यावर समुद्राचे पाणी उन्हाळ्याच्या तोंडाला २८ ते ३० अंशांच्या आसपास असते. १०० अश्वशक्तीच्या इंजिनाने पूर्ण ओढीवर सुमारे ५० किलोवॉट उष्णता पाण्यात सोडली असे धरले, तर मिनिटाला ८० लिटर प्रवाहात पाणी साधारण ९ ते १० अंशांनी तापून बाहेर पडेल. प्रवाह निम्मा झाला की तीच उष्णता निम्म्या पाण्यात जाते आणि फरक १९ अंशांच्या घरात पोहोचतो. हे गणित समजले की निदानाची दिशा आपोआप ठरते. प्रवाह कमी आणि पाणी फार गरम, तर दोष खाऱ्या पाण्याच्या वाटेत आहे. प्रवाह भरपूर, पाणी जेमतेम कोमट आणि तरीही इंजिन तापलेले, तर उष्णता खाऱ्या पाण्यापर्यंत पोहोचतच नाही. एक्स्चेंजर किंवा गोड्या पाण्याचा फेरा तपासावा. प्रवाहही भरपूर आणि पाणीही फार गरम, तर इंजिनच जास्त उष्णता निर्माण करते आहे, म्हणजे त्याच्यावर ओढ जास्त आहे.

शोषणाची बाजू : येथे वेळ द्यावा

माझ्या अनुभवात परत परत उद्भवणाऱ्या दोषांपैकी सर्वाधिक दोष पंपाच्या आधीच्या भागात, म्हणजे तळाच्या जाळीपासून पंपाच्या तोंडापर्यंत सापडतात, आणि तेथेच सर्वांत कमी लोक पाहतात. पंपाच्या पुढे पाणी दाबाखाली असते, गळले तर दिसते. पंपाच्या आधी ते ओढले जाते, त्यामुळे तेथील दोष बाहेर काहीच दाखवत नाही.

दादाच्या बोटीवर हा धडा मला महागात पडून मिळाला. ऑगस्टमध्ये इंजिन तापू लागले, आणि गणपतीपर्यंत आम्ही तीन इंपेलर, एक थर्मोस्टॅट आणि पंपाचे झाकण बदलले. बंदरात पाण्याची धार मनगटाएवढी जाड पडायची. बाहेर गेल्यावर १,५०० फेऱ्यांना इंजिन तापायचे. तांडेल रोज तेच सांगायचा, “बंदरात थंड, भायेर गरम,” आणि आम्ही रोज ते ऐकून पुन्हा इंपेलरच काढून पाहायचो. शेवटी बादली लावली, तेव्हा संथ इंजिनापेक्षा १,५०० फेऱ्यांना पाणी कमी पडते असे दिसले. फेऱ्या वाढल्यावर प्रवाह घटतो, ही गोष्ट इंपेलरच्या झिजेने समजावता येत नाही. मग आम्ही गाळणी ते पंप हा होज पाइप काढून पंपाला तात्पुरता दुसरा पाइप लावला आणि त्याचे तोंड बोटीतच ठेवलेल्या पाण्याच्या पिंपात बुडवले. प्रवाह लगेच पुरा झाला. काढलेला पाइप मी सुरीने लांबीच्या दिशेने चिरला. बाहेरून तो नवा दिसत होता. आतले काळे अस्तर मात्र क्लिपपासून चार बोटे अंतरावर सुटून जिभेसारखे लोंबत होते, आणि अस्तर व कापडाच्या थरामध्ये मिठाची पांढरी पूड साचलेली होती. संथ इंजिनावर ती जीभ भिंतीला चिकटून राहायची, आणि ओढ वाढली की उठून वाट अडवायची. पाइप दुकानातून शोषणाचा म्हणून मिळाला होता, पण त्यात तारेचे वेटोळे नव्हते. शोषणाच्या बाजूला आत तार असलेलाच पाइप घालावा, आणि घेताना तो मुठीत दाबून पाहावा. बोटांनी चेपणारा पाइप पंपाच्या ओढीनेही चेपतो.

पिंपाची ही चाचणी एका तासात होते आणि दोष पंपाच्या आधी आहे की पुढे ते निश्चित सांगते, म्हणून ती प्रत्येकाने करावी असे मी सुचवीन. पिंप लवकर रिकामे होते, तेव्हा दोघांनी मिळून करावी, म्हणजे एकाला पाण्यावर लक्ष ठेवता येते आणि पंप कोरडा फिरत नाही.

चाचणीत दोष पंपाच्या आधी ठरला, तर क्रमाने तळापर्यंत जावे. बंदीच्या काळात बोट किनाऱ्यावर घेऊन तळाला रंग देताना जाळीच्या भोकांवरही ब्रश फिरतो, आणि दोन-तीन वर्षांच्या थरांनी भोके निम्मी बुजतात. ऑगस्टमधल्या तक्रारींचे हे फार साधे आणि फार दुर्लक्षित कारण आहे. जाळीच्या आत, कॉकच्या गळ्यात, बार्नेकल (तळाला घट्ट चिकटणारे कवचधारी जीव) आणि लहान कालवे वाढतात, आणि ती बाहेरून खरवडून निघत नाहीत. फायबरचे काम करताना जाळीची खोबण उलट दिशेने बसवली गेली असेल, तर बोट वेगात असताना पाणी आत ढकलले जाण्याऐवजी बाहेर ओढले जाते. गाळणीच्या झाकणाखालचे रबर वाळले असेल तर पाण्याबरोबर हवा ओढली जाते. झाकण पारदर्शक असेल तर बुडबुडे दिसतात, नसेल तर इंजिन चालू असताना झाकणाच्या कडेने ग्रीस लावून पाहावे, आणि प्रवाह सुधारला तर दोष सापडला असे समजावे.

पंप

इंपेलर कोरडा फिरला तर एक मिनिटसुद्धा टिकेल याची खात्री नसते, कारण पाणी हेच त्याचे वंगण असते. बंदीचे ६१ दिवस बोट शाकारून ठेवलेली असताना इंपेलरची जी पाती पंपातल्या उंचवट्याखाली दबलेली राहतात, ती कायमची वाकतात. म्हणून बंदी लागताच इंपेलर काढून ठेवावा आणि हंगामाआधी बसवावा. बसवताना साबणाचे पाणी किंवा ग्लिसरिन लावावे. मोडलेला इंपेलर निघाला तर पाती मोजावीत, आणि जितकी कमी भरतील तितके तुकडे सापडेपर्यंत काम पुरे झाले असे मानू नये. ते तुकडे बहुधा एक्स्चेंजरच्या तोंडाशी जाऊन बसलेले असतात, आणि नवा इंपेलर घालूनही तापणे थांबत नाही याचे ते नेहमीचे कारण आहे. खाडीच्या तोंडाशी गाळ आणि वाळूच्या पाण्यातून रोज ये-जा करणाऱ्या बोटींच्या पंपाचे झाकण आतून गोल रेषांनी खरवडले जाते. नखाला खाच लागली तर झाकण बदलावे.

एक्स्चेंजर

प्रवाह भरपूर आणि बाहेर पडणारे पाणी कोमट असेल, तर एक्स्चेंजरमध्ये शिरणारे आणि त्यातून निघणारे गोडे पाणी मोजावे. दोन्हीकडे जवळपास सारखेच गरम पाणी असेल, तर नळ्यांवर थर बसला आहे आणि उष्णता पलीकडे जात नाही. इंजिन एकदा जास्त तापले की नळ्यांत खाऱ्या पाण्यातील क्षार अधिक वेगाने बसतात, त्यामुळे पुढच्या वेळी ते आणखी लवकर तापते. दोष हळूहळू वाढत गेल्याची हकिगत मालक सांगतो ती यामुळेच.

एक्स्चेंजर उघडून नळ्यांचा जुडगा बाहेर काढावा, जस्ताची कांडी (इतर धातूंऐवजी स्वतः झिजण्यासाठी बसवलेली) आधी वेगळी करावी, आणि सायट्रिक ॲसिडच्या कोमट द्रावणात तो बुडवून ठेवावा. बंदरावर यासाठी सर्रास तेजाब वापरले जाते, पण ॲल्युमिनियमचे घर त्याने खाल्ले जाते आणि पातळ नळ्याही कमकुवत होतात, म्हणून मी त्याला ठाम विरोध करतो. आत काठी घालायची तर लाकडाची, लोखंडी गज नको. जस्ताची कांडी निम्मी झिजली असेल तर बदलावी. ती झिजून तिचे तुकडे आत पडतात आणि नळ्यांची तोंडे बंद करतात. जोडताना ओ-रिंग नव्याच घालाव्यात. जुन्या ओ-रिंगमधून खारे पाणी कूलंटमध्ये शिरले तर इंजिन आतून गंजू लागते.

गोड्या पाण्याचा फेरा

हेड तापलेले आणि एक्स्चेंजरकडे येणारा गोड्या पाण्याचा पाइप मात्र कोमट, असे असेल तर पाणी फिरतच नाही. बेल्ट, पंप, आत अडकलेली हवा आणि थर्मोस्टॅट या क्रमाने पाहावे. थर्मोस्टॅटची परीक्षा घरच्या पातेल्यात होते : दोऱ्याला बांधून, बुडाला न टेकवता तो पाण्यात लोंबकळत ठेवावा, शेजारी तापमापक धरावा, आणि त्याच्यावर कोरलेल्या अंशांना तो उघडू लागतो का, दहा-पंधरा अंश पुढे पूर्ण उघडतो का ते पाहावे. तो कायमचा काढून टाकणे हा उपाय नाही. अनेक इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो काढला की बरेचसे पाणी एक्स्चेंजरकडे न जाता इंजिनातच गोल फिरत राहते, आणि ओढीवर इंजिन आणखी तापते.

बाहेर कोठेही गळती नसताना कूलंट कमी होत असेल, थंड इंजिन सुरू करताच टाकीत सतत बुडबुडे येत असतील किंवा पाइप काही मिनिटांतच कडक होत असतील, तर हेड गॅस्केटमधून सिलिंडरचा वायू पाण्यात शिरतो आहे. तेल दुधाळ दिसले तर त्या दिवशी बोट बाहेर नेऊ नये.

ओढ

हे शेवटी लिहितो, कारण इतर सगळे ठीक असल्याशिवाय त्याची खात्री पटत नाही. पूर्ण रेस देऊनही इंजिन आपल्या ठरलेल्या फेऱ्यांना पोहोचत नसेल, समजा १,८०० ऐवजी १,५००लाच अडकत असेल आणि काळा धूर सोडत असेल, तर त्याला झेपेल त्यापेक्षा जास्त काम पडते आहे. पंख्यात (प्रोपेलरमध्ये) जाळ्याचा तुकडा गुंतलेला असतो, तळाला शेवाळ आणि बार्नेकल माजलेले असतात, किंवा आदल्या हंगामात बदललेला पंखा इंजिनाच्या मानाने मोठा असतो. ओहोटीला बोट वाळूवर टेकवून पंखा स्वच्छ करणे हा यातला सर्वांत स्वस्त उपाय आहे, आणि त्यासाठी उधाणाच्या दिवसांची वाट पाहावी लागली तरी पाहावी.

दोष सापडून काम झाले की बोट नुसती जेटीवर तपासून सोडू नये. ज्या फेऱ्यांवर इंजिन तापत होते त्याच फेऱ्यांवर, जाळे ओढत असताना, किमान एक तास चालवून दर दहा मिनिटांनी काट्याचा आकडा आणि दोन्ही तापमाने वहीत लिहावीत, आणि किनाऱ्याला आल्यावर बादलीचे सेकंदही त्याच पानावर नोंदवावेत. ती वही इंजिनाच्या खोलीतच खिळ्याला टांगून ठेवावी, म्हणजे पुढच्या वेळी काटा हलला तर नव्या तांडेलालाही ताडून पाहण्यासाठी निरोगी इंजिनाचे आकडे हाताशी असतील.